स्मृती हरवत जाणे व्हिडिओ गेममध्ये कसे दाखवावे?

ऐरोलीतून तुम्ही चौघांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या आणि अल्झायमर झालेल्या एका आजीवर तुम्ही व्हिडिओ गेम तयार करत आहात. खेळणारा घरभर विखुरलेले फोटोंचे तुकडे गोळा करतो, प्रत्येक फोटो जुळला की आजीची एक आठवण परत येते आणि सगळे फोटो पूर्ण झाले की ती नातवाला ओळखते. ही मांडणी आजाराला धरून आहे का, नसेल तर काय बदलावे, आणि अशा गेमचा उपयोग आजार लवकर ओळखण्यासाठी किंवा स्मरणशक्ती सुधारण्यासाठी होईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी ठाण्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून स्मरणशक्तीच्या तपासण्या करते आणि डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती कमी होत जाण्याची स्थिती; अल्झायमर हे तिचे सर्वांत जास्त आढळणारे कारण) झालेल्या माणसांच्या कुटुंबीयांबरोबर बरीच वर्षे काम करत आले आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

फोटोंचे तुकडे जुळवण्याची कल्पना सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतील पेशी आणि त्यांच्यातील जोडण्या नष्ट होत जातात आणि हा आजार वाढत जाणारा आहे. आठवणी कुठेतरी सुरक्षित पडून आहेत आणि पुरेशी मेहनत घेतली की त्या परत मिळतील, असे त्यात होत नाही. तुमच्या गेमचा शेवट ज्या मुलीच्या आईला हा आजार आहे ती पाहील, तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचणारा अर्थ असा असेल की आपण पुरेसे फोटो दाखवले नाहीत म्हणून आई आपल्याला ओळखत नाही. घराघरांत हेच चाललेले मी पाहते. पाहुणे आले की आजीसमोर अल्बम उघडला जातो आणि ‘सांग बघू, हा कोण?’ अशी परीक्षा सुरू होते. सगळ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, पण आजीच्या वाट्याला मात्र चारचौघांत पुन्हा पुन्हा नापास होणे येते, आणि काही दिवसांनी ती पाहुणे आल्यावर आतल्या खोलीत निघून जाऊ लागते. जी सवय सोडा म्हणून आम्ही कुटुंबांना विनवतो, तीच तुमच्या गेमचा मूळ नियम होऊन बसली आहे.

त्याऐवजी काय करावे हे ठरवण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावर सगळी मांडणी अवलंबून आहे. बाहेरून पाहणाऱ्याला विस्मृती म्हणजे गाळलेल्या जागा वाटतात. ज्याला हा आजार आहे त्याला बहुतेक वेळा ती गाळलेली जागा दिसतच नाही. त्याचे जग त्याच्यापुरते अखंड असते. फक्त ते इतरांच्या जगाशी जुळत नाही. आजीने पाटल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या आणि ठेवल्याची नोंदच मेंदूत झाली नाही, तर ‘मी विसरले’ असा निष्कर्ष ती कशावरून काढणार? तिच्या दृष्टीने पाटल्या कपाटात होत्या आणि आता नाहीत, म्हणजे त्या कोणीतरी घेतल्या. घरात कामाला बाई येते, म्हणजे तिनेच घेतल्या. हा तर्क चुकीच्या माहितीवर उभा असला तरी तर्क म्हणून त्यात काही खोट नाही. आपल्याला आजार झाला आहे याची जाणीव आजारामुळेच पुसट होणे हाही डिमेन्शियाचा एक भाग आहे, आणि घरच्यांना सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो.

हा अनुभव देण्याची ताकद व्हिडिओ गेममध्ये आहे, कारण गेममध्ये माणूस स्वतः कृती करतो आणि त्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर येते. खेळणाऱ्याला आजीच्या भूमिकेत ठेवा. रात्री त्याला स्वतःच्या हाताने पाटल्या कपाटात ठेवू द्या. मग सकाळ दाखवा. मधल्या वेळात आजीने त्या डब्यात हलवल्या, हे खेळणाऱ्याला अजिबात दाखवू नका. सकाळी कपाट रिकामे निघेल, मुलगा डब्यातून पाटल्या काढून दाखवेल आणि म्हणेल, ‘आई, तूच ठेवल्यास ना इथे?’ खेळणाऱ्याला मनापासून वाटेल की हे खोटे आहे, कारण त्याने पाहिलेले सगळे त्याच्या बाजूने साक्ष देत असेल. तो चिडेल. त्या क्षणी त्याला जे वाटेल, ते कोणत्याही माहितीपत्रकातून सांगता येत नाही. पडदा धूसर करणे, आवाज घुमवणे, माणसांचे चेहरे पुसून टाकणे हे उपाय सोपे आहेत आणि म्हणूनच ते वारंवार वापरले जातात. पण त्यातून खेळणाऱ्याला ‘मी आता आजारी माणूस आहे’ हे सतत कळत राहते, आणि आजारी माणसाला पुष्कळदा नेमके तेच कळत नसते.

या वाटेने गेलेला एक गेम तुम्ही अवश्य खेळा. ‘बिफोर आय फर्गेट’ हा ब्रिटनमधील ‘थ्री-फोल्ड गेम्स’ या छोट्या चमूने केलेला गेम २०२० मध्ये आला. त्यातली सुनीता ही भारतीय वंशाची खगोलशास्त्रज्ञ आहे आणि तिला तुलनेने लवकरच्या वयात अल्झायमर झाला आहे. आपण तिच्या घरात तिच्याच डोळ्यांनी फिरतो आणि एखादी वस्तू ओळखीची झाली की करड्या घरात रंग भरतो. साधारण तासाभरात तो खेळून होतो. त्यात बाथरूम शोधण्याचा एक प्रसंग आहे, ज्यात दार उघडावे तर पुन्हा पुन्हा तेच कपाट समोर येते. घाई, लाज आणि भीती या तिन्ही भावना त्या एका प्रसंगात आहेत, आणि मला तो संपूर्ण गेममधला सर्वांत खरा भाग वाटतो. रंग परत येण्याच्या कल्पनेबद्दल माझी थोडी तक्रार आहे, कारण तीही पुनर्प्राप्तीच्या दिशेला झुकते. मात्र तो गेम सुनीताला बरी करत नाही, हा प्रामाणिकपणा मोठा आहे.

आता काय हरवते आणि काय टिकते याकडे येऊ. तुमच्या सध्याच्या आराखड्यात सगळ्या आठवणी एकाच जातीच्या आहेत आणि कोणत्याही क्रमाने जातात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवले होते की अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या अधिक काळ टिकतात. अल्झायमरचा आघात सुरुवातीला मेंदूतील हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागांवर होतो, आणि नवी आठवण तयार होण्यासाठी हेच भाग लागतात. त्यामुळे सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि शाळेतल्या बाई आठवतात. ‘आज वार कोणता?’ हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येतो, तेव्हा विचारणारी व्यक्ती तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारत असते. शिवाय, सर्वसाधारणपणे दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात विशेष दाट असतात. तुमची आजी १९५० च्या सुमाराची असेल, तर तिच्या मनातले ठाणे १९६० ते १९८० या काळातले असणार.

हातांची आठवण मात्र वेगळी असते. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णावर अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे कौशल्य तो दिवसागणिक शिकत गेला, आणि आदल्या दिवशी आपण हे केले होते याचा त्याला पत्ताही नव्हता. त्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या या कामातून हे स्पष्ट झाले की घटनांची आठवण आणि कौशल्याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या व्यवस्थांवर चालते. अल्झायमरमध्येही सवयीची हस्तकौशल्ये बराच काळ तग धरतात. जिला नातवाचे नाव आठवत नाही अशी बाई उकडीच्या मोदकाला सुरेख कळ्या पाडते, हे मी पाहिले आहे.

ही गोष्ट तुमच्यासाठी फार मोलाची आहे, कारण कंट्रोलरवर बोटे चालवणे हेही हाताचेच कौशल्य आहे. मोदकाचा एक प्रसंग करा. पारीला आकार देणे, सारण भरणे, कळ्या पाडणे आणि तोंड मिटणे या हालचाली खेळणाऱ्याला सुरुवातीच्या लेव्हलमध्ये भरपूर करू द्या, म्हणजे त्या त्याच्या बोटांत बसतील, आणि शेवटपर्यंत त्यांत काहीही बिघडवू नका. बिघडू द्या तो क्रम. उकड काढायच्या आधीच पारी करायला घेतली जाते, गॅस पेटवला आहे की नाही हे समजत नाही, सारणात गूळ दोनदा पडतो. नियोजन आणि क्रम या गोष्टी आधी कोलमडतात आणि हात बराच काळ काम करायला तयार असतात. मग सून शेजारी येऊन उभी राहते आणि एका वेळी एकच वस्तू पुढे ठेवते, आणि काम पुन्हा सुरळीत होते. काहीही परत न मिळवता आजी त्या क्षणी समर्थ होते. माझ्या मते तुमच्या गेमचा आनंद अशा क्षणांत असावा.

वाट चुकण्याच्या लेव्हलबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण ती या गेमचा कणा होऊ शकेल. दिशाज्ञानाचा आणि स्मृतीचा संबंध फार जवळचा आहे. आपण कुठे आहोत याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी हिप्पोकॅम्पस आणि एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये सापडल्या, आणि त्या शोधासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजार नेमका याच भागांत सुरू होत असल्याने ओळखीच्या रस्त्यावर चुकणे हे लवकर दिसणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे.

अशा लेव्हलसाठी ठाण्यासारखे दुसरे गाव शोधून सापडणार नाही. नौपाड्यात वाढलेल्या बाईच्या मनातला नकाशा खुणांचा असतो: तलावपाळी, कौपिनेश्वराचे देऊळ, जांभळी नाक्याचा बाजार. यांतली एक खूण दिसली की पुढची आपोआप आठवते. तिला मुलाने घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये आणले, की प्रत्येक मजल्यावर तीच फरशी, तेच दार आणि तोच दिवा असतो. ती एक मजला आधी लिफ्टमधून बाहेर पडते आणि परक्या घराची बेल वाजवत राहते. नवी मुंबईत सिडकोने आखलेल्या सेक्टरांमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींतही हाच त्रास होतो. आणि तिच्या मनात १९७० चे ठाणे जागे असेल, तर ऐरोलीला लोकल जाते हे तिला पटणार नाही, कारण ठाण्याहून वाशीकडे जाणारी ही गाडी २००४ मध्ये सुरू झाली. तुम्ही तिला ‘चल, लोकलने माझ्या घरी जाऊ’ म्हणाल, तेव्हा तिच्या दृष्टीने तुम्हीच काहीतरी भलते बोलत असाल. लेव्हल तयार करताना आजचा नकाशा आणि तिच्या मनातला नकाशा एकमेकांवर ठेवा. खेळणारा तिच्या नकाशाप्रमाणे बरोबर चालेल आणि आजच्या रस्त्यावर चुकेल.

दिवेलागणीची वेळ या आजारात विशेष कठीण असते. अस्वस्थता वाढते, आणि स्वतःच्याच घरात बसलेली आजी ‘मला घरी जायचंय’ म्हणत पिशवी भरू लागते. खेळणाऱ्याला इथे मुलीच्या भूमिकेत आणा आणि उत्तराचे पर्याय द्या. ‘अगं आई, हेच तर तुझं घर!’ हे पहिले उत्तर सगळ्यांच्या तोंडी येते आणि त्याने भांडण वाढते. ‘चल, चपला घाल, जरा फेरी मारून येऊ,’ या उत्तराने पुष्कळदा वाट मिळते, कारण ती ज्या घराबद्दल बोलते आहे तिथे तिला सुरक्षित वाटत असे आणि तिला हवी असते ती सुरक्षितता. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे ‘तुझे बाबा अजून कसे आले नाहीत?’ बाबांना जाऊन आठ वर्षे झाली, हे मुलीने सांगितले, तर आजी ती बातमी आज पहिल्यांदाच ऐकते आणि तितकीच कोसळते, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारते. खोटे बोलावे असे मी सांगत नाही. ‘बाबांची आठवण येतेय का? येताना ते तुझ्यासाठी काय आणायचे गं?’ असे विचारले, तर ती बोलू लागते आणि तिच्या दुःखालाही जागा मिळते. मात्र कोणत्याही उत्तराला गुण देऊ नका आणि एकच उत्तर कायम लागू पडेल असे ठेवू नका. काल चाललेले उत्तर आज चालत नाही, हेच काळजी घेणाऱ्याच्या थकव्याचे एक मोठे कारण असते.

आजार ओळखण्याबद्दल. ‘सी हीरो क्वेस्ट’ हा गेम २०१६ मध्ये आला. डॉइश टेलिकॉम, अल्झायमर्स रिसर्च यूके आणि ब्रिटनमधील दोन विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी तो मिळून उभा केला. म्हाताऱ्या दर्यावर्दी वडिलांच्या हरवलेल्या आठवणींमागे मुलगा बोट घेऊन निघतो, अशी त्याची गोष्ट आहे आणि खेळताना माणूस दिशा कशी शोधतो याची नोंद होत जाते. ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अल्झायमरचा जनुकीय धोका असलेली, पण नेहमीच्या चाचण्यांत पूर्णपणे ठीक असलेली माणसे या गेममध्ये अधिक लांबचा मार्ग घेतात. २०२२ च्या अभ्यासात ३८ देशांतील सुमारे चार लाख लोकांच्या नोंदींवरून दिसले की शहराबाहेर वाढलेल्यांचे दिशाज्ञान सरासरीने अधिक चांगले असते आणि चौकटीसारख्या आखीव रस्त्यांच्या शहरांत वाढलेले लोक वेड्यावाकड्या मार्गांवर मागे पडतात. म्हणजे निरोगी माणसांतही वय, देश आणि बालपणीचे गाव यांनी गुण बदलतात. एवढी प्रचंड तुलनात्मक माहिती हाती असताना जे सावधपणे बोलले गेले, ते तुमच्या गेमच्या गुणांवरून बोलता येणार नाही. सत्तरीतल्या माणसाचा हात स्क्रीनवर अडखळला, तर त्याला नजर, सांधेदुखी किंवा निव्वळ अपरिचय कारण असू शकतो. गेममध्ये कुठेही ‘तुमची स्मृती तपासा’ असे लिहू नका.

स्मरणशक्ती सुधारण्याचा दावाही करू नका. मेंदूच्या व्यायामाच्या खेळांनी मुख्यतः त्या खेळातले कौशल्य वाढते. डिमेन्शिया टळतो किंवा थांबतो असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा नाही. ‘लुमोसिटी’ या प्रसिद्ध अॅपच्या कंपनीला अशा जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते.

गेमच्या शेवटी माहितीचे एक पान मात्र जरूर ठेवा. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. प्रत्येक विसरणे डिमेन्शिया नसते. बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही विसरायला होते आणि त्यावर उपचार असतात, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे, हे त्या पानावर ठळक असू द्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांकही द्या.

शेवटी चाचणीविषयी. ज्यांच्या आयुष्यावर तुम्ही गेम करत आहात त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातली माणसे स्वतःबद्दल अतिशय नेमके बोलू शकतात. त्यांच्याशी सकाळच्या वेळी, शांत जागी बोला, संमती त्यांच्याकडूनही घ्या, आणि पुढच्या भेटीत ती पुन्हा विचारा, कारण मागची भेट त्यांना आठवत नसेल. कोणाचे घरगुती फोटो किंवा आवाज परवानगीशिवाय वापरू नका. अलीकडेच ज्यांच्या घरी हा आजार असलेल्या माणसाचा मृत्यू झाला आहे त्यांना काय पाहायला मिळणार हे आधी सांगा, खेळ थांबवण्याचे बटण सतत समोर ठेवा, आणि खेळून झाल्यावर त्यांच्याजवळ बसून बोलण्यासाठी तुमच्यापैकी एकाने वेळ राखून ठेवावा. सध्या संपूर्ण गोष्टीच्या मागे न लागता मोदकाचा आणि दिवेलागणीचा असे दोनच प्रसंग पूर्ण करा. ते तयार झाले की घेऊन या. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना विचारून मी ते दाखवण्याची व्यवस्था करीन, आणि तुम्ही चौघांनी त्या वेळी तिथे हजर असावे.